घाटातली सतरा मिनिटं



मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दापोलीजवळच्या मुरुडला पाच दिवस राहून आलो. सासूबाई, आम्ही दोघं, सोळा वर्षांची लेक आणि धाकटा मुलगा. गाडीच्या मागे दोन सायकली बांधलेल्या, एक माझी आणि एक लेकीची. दोन वर्षांपूर्वी माझी साखर काठावर आली, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मी सायकल धरली. लेक माझ्याआधी शिकली होती, ती माझी गुरू!

आपल्या घरातली सहल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. स्वयंपाकघर असलेली खोली शोधायची, डबे न्यायचे, पाणी उकळायचं आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची. त्यामुळे पहाटेचे दोन तास तेवढे माझे. पहिल्या दिवशी कर्द्यापर्यंत जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी हर्णैला. समुद्रातला सुवर्णदुर्ग बघत पॅडल मारताना वाटलं, या दोन तासांसाठी बाकीचे बावीस तास पोळ्या लाटायलाही माझी हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "मम्मी, आज चढ करू. आसूदवरून दापोलीला जाऊ." मुरुड समुद्राला लागून आणि दापोली सुमारे आठशे फूट उंचीवर. अंतर दहा-बारा किलोमीटरच, पण चढ दमवणारा. ऊन चढायच्या आत परत यायचं म्हणून पावणेसहाला निघालो.

आता खरी गोष्ट. माझी रोज नवकारसी असते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटं होईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा नाही. तिकडे त्या दिवसांत सूर्य सहा वाजून सात-आठ मिनिटांनी उगवत होता, म्हणजे सात वाजायला पाच मिनिटं असताना नवकारसी येणार. आदल्या संध्याकाळी चौविहार केलेला, त्यामुळे शेवटचं पाणी सातच्या आत प्यायलेलं. मला याची सवय आहे. लेकीने मात्र सुट्टी लागल्यापासून माझं बघून हे दोन्ही सुरू केलं होतं. मला त्याचं इतकं कौतुक होतं की नातेवाइकांच्या ग्रुपवर मी ते दोनदा लिहिलं होतं.

आसूदच्या नारळी-पोफळीच्या बागा मागे पडल्या आणि चढ सुरू झाला. हवा जराही हलत नव्हती. पुण्याच्या उन्हात घाम येतो आणि वाळतो, त्यामुळे अंग गार होतं. कोकणात हवेतच एवढी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, गारवा काही मिळत नाही. सकाळी ऊन नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, तिथेच फसतो.

एका वळणावर मागे पाहिलं तर लेक सायकलवरून उतरून कठड्याला टेकली होती. चेहरा पांढरा पडलेला, हातांवर काटा आलेला. एवढ्या उकाड्यात काटा! "गरगरतंय," म्हणाली आणि बाजूला वाकून कोरडीच ओकारी काढली.

माझी नजर आधी कुठे गेली सांगू? मनगटावरच्या घड्याळाकडे. सहा अडतीस. मनात हिशोब झाला, सतराच मिनिटं राहिली. मी तोंडाने काही बोलले नाही, पण लेकीने ती नजर पाहिली. तिनेच विचारलं, "मम्मी, किती राहिली?"

माझ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी गच्च भरलेलं होतं. मी झाकण उघडून तिच्या ओठांना लावलं. "वाजतील तेव्हा वाजतील. तू पी."

समोरच्या घरातल्या ताई अंगण झाडत होत्या. त्यांनी झाडू टाकला आणि आधी पोरीला पडवीत आडवं करायला लावलं. पाय उशीवर ठेवले, मानेला ओला पंचा लावला. मग आमच्याच बाटलीतल्या पाण्यात कोकमाचं आगळ आणि साखर घालून दिलं. आगळात मीठ असतंच. घोट घोट करत अर्ध्या तासात लेकीच्या चेहऱ्यावर रंग आला. हे गाडी घेऊन आले आणि आम्ही खाली उतरलो.

मी आतून घाबरले होते. लेकीला काही झालं असतं तर, ही एक भीती. आणि सासूबाईंना काय सांगायचं, ही दुसरी. गेली पंचेचाळीस वर्षं त्यांची नवकारसी चुकलेली नाही. मी सगळं सांगितलं, घड्याळाचंसुद्धा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, पच्चक्खाणात आगार ठेवलेत ते उगीच का? आणि घाट चढायचा होता, तर आदल्या रात्रीच ठरवायचं होतंस, नवकारसी आधी की सायकल आधी. दोन्ही एकदम हवं होतं तुला." मग नातीला जवळ घेऊन विचारलं, "तू कोणासाठी करतेस गं हे?"

लेक म्हणाली, "मम्मीला आवडतं म्हणून."

त्या वाक्यानंतर मला दुपारचं जेवण गेलं नाही.

उरलेले दोन दिवस सायकल चालवली, पण वेगळ्या रीतीने. मी खोलीवर नवकारसी पाळून, पोटभर पाणी पिऊन सातनंतर निघायची आणि सपाट रस्त्याने जाऊन सव्वाआठला परत यायची. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं करून भरपूर पाणी प्यायची, शेवटच्या पाच मिनिटांत घटाघट नाही. सायकलवर दोन बाटल्या. एकात साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. घरी आल्यावर चेन पुसून तेल द्यायचं, खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंज धरतो.

आणि एक लक्षात ठेवा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं किंवा पाणी पोटात टिकेना, तर आगळ-सरबत करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आमचं थोडक्यात निभावलं.

लेकीला मी सांगितलं की तुझं तू ठरव, मला काय वाटेल ते बघू नकोस. परत आल्यावर तिने नवकारसी सोडली. ग्रुपवर मी तेही लिहिलं. महिनाभराने एका रविवारी मी उठले तर ती गॅलरीत बसलेली, रिकामा ग्लास समोर ठेवून. मी काही विचारलं नाही. घड्याळाकडेही पाहिलं नाही. चहा ठेवायला आत गेले.

जय जिनेंद्र.