घासलेला कुकर

कुकर फुटून भाजलेल्या माणसाची केस माझ्याकडे येते तेव्हा कुकर बहुतेकदा लख्ख घासलेला असतो. आपल्या घरांत खरकटं भांडं रात्रभर राहत नाही. घरातली माणसं दवाखान्यात, आणि शेजारच्या काकू मायेने ओटा पुसून, झाकण घासून पालथं घालून जातात. शिट्टीच्या नळीत डाळ अडकली होती का, हे मोरीतून वाहून जातं. उरलेला कुकर कधी भंगारात जातो, कधी कंपनीचा माणूस नवा कुकर हातात ठेवून जुना घेऊन जातो.

पूर्वी अशा वेळी मी धातुशास्त्राच्या सरांकडे धावायचे. तुटलेल्या कडेला बोट लावायचं नाही, दोन तुकडे जुळवून बघायचे नाहीत, ही त्यांची ताकीद. जुनी चीर काळवंडलेली दिसते, ताजी तुटलेली जागा चकचकीत. भिंगातून बघून ते सांगायचे. गेल्या दिवाळीत सर गेले. त्यांनी शिकवलेल्या एका प्रश्नावर कंपनीचा इंजिनिअर गप्प झाला होता. त्या दिवशी ग्राहक आयोगाबाहेर वकीलमंडळींनी केलेलं कौतुक मी सगळं स्वतःकडे ठेवलं, आणि ते मला फार आवडलं. अजूनही आवडतं.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण दिलं. निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, अपुऱ्या सूचना, सगळं कलम ८४मध्ये आहे. कंपनीचं उत्तर मात्र कलम ८७वरच येतं: वापर चुकीचा, झाकणाची रिंग बाहेरून घेतलेली. मग निकाल वस्तूवर ठरतो. आयोग ती सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवालाला ४५ दिवस. प्रयोगशाळा तक्रारीत लिहिलेला दोष आधी शोधते. म्हणून दोषाचा परिच्छेद हाच तक्रारीचा प्राण. हल्लीच्या तक्रारींत मानसिक त्रासावर तीन पानं आणि दोषावर एक ओळ असते. हे वाचून मला संताप येतो. भरपाईच्या टक्केवारीवर केस घेणारे वकील तर बार कौन्सिलचा नियमच मोडतात, आणि भाजलेल्या माणसाला तेच आधी भेटतात.

माझी ज्युनिअर फोनवर आधी विचारते, ‘किती भाजलंय?’ मी आधी विचारते, ‘कुकर कुठे आहे?’ तिला ते निर्दयपणाचं वाटतं. पण जखमेचे कागद दवाखान्यात असतात. कुकरचं दुसरं कोणी बघत नाही, आणि तक्रारीची मुदत दोनच वर्षांची.

सध्याच्या प्रकरणातही कुकर घासूनच आला. प्रयोगशाळेसाठीचे प्रश्न पुन्हा पुन्हा लिहिते आहे. चीर आधीपासून होती का, एवढं विचारून भागत नाही. घासण्याने काळपटपणा गेला असेल तर जुनी चीर कशावरून ओळखाल, हेही विचारायला हवं. आणि ते विचारलं की कंपनीचा वकील घासण्यावरच बोट ठेवणार. तिसरा मसुदा ज्युनिअरने केलाय. माझ्यापेक्षा बरा आहे, पण ‘घासणे’ हा शब्द तिलाही टाळता आलेला नाही.