कुठं उतरणार?

माझा धाकटा चुलतभाऊ मुंबईला जाऊन शेफारला, हे अंतरवाली सराटीत सगळ्यांना माहीत होतं. पुरावाही होता, आणि तो मीच आणला होता. 2016 साली वडिलांना परळच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. बारा दिवस आम्ही मायलेक बाहेर फुटपाथवर ताडपत्री अंथरून झोपलो. चुलतभाऊ रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा, अर्धा तास उभा राहायचा, तेवढ्यात तीनदा घड्याळ बघायचा आणि जायचा. ‘घरी चला’ हे दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. मुंबईत फ्लॅट होता त्याचा. लग्न जमलं तेव्हा सोयऱ्यांना तसं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. गावी आल्यावर ही गोष्ट मी एकदाच पारावर सांगितली. पुढं ती माझी राहिली नाही. बारा दिवसांचा महिना झाला आणि डबा गोष्टीतून गळून पडला.

मुंबईचा माणूस पैशाला चिकटलेला, आपल्याला खालच्या नजरेनं बघणारा, ही आमची पक्की खात्री होती.

2023 पर्यंत आमचं गाव कुठं म्हटलं तर ‘वडीगोद्रीजवळ’ असं सांगावं लागायचं. 29 ऑगस्टला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि मग सांगायची गरज उरली नाही. चॅनेलच्या गाड्या, पुढाऱ्यांचे ताफे, पांढरे बूट घालून चिखलात उतरणारी शहरातली पोरं. 14 ऑक्टोबरच्या सभेला तर लाखो माणूस आमच्या शिवारात उतरलं. त्या दिवशी पाण्याची वीसची बाटली तीसला गेली. विकणारी पोरं आमचीच. आम्ही त्याला लूट म्हणालो नाही. पोरांचे दोन पैसे झाले, म्हणालो.

2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच मागणीसाठी आम्ही जरांगे पाटलांबरोबर मुंबईला निघालो. 27 तारीख, गणेश चतुर्थी. घरात गणपती बसवायचं काम पोरावर सोपवून मी टेम्पोत चढलो. दुसऱ्या दिवशी शिवनेरी, तिसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी आझाद मैदान. पावसाला ऊत आला होता. मैदानाचा रबडा झाला, म्हणून लोक बोरीबंदरच्या स्टेशनात शिरले, महापालिकेच्या समोर रस्त्यावर पसरले. खायला शोधावं तर आसपासच्या टपऱ्या, हॉटेलं बंद. आम्ही काय समजायचं ते समजलो: आपल्याला बघून शटर ओढलं. त्यातल्या एका शटरच्या आड मात्र एक पोरगा मोबाइल चार्ज करून देत होता, फुकट. मालकानं धंदा बंद ठेवायला सांगितलंय, लाइट बंद ठेवायला सांगितलेलं नाही, म्हणाला. तो मूळचा आझमगडचा.

दोन दिवसांत माझ्या एक ध्यानात आलं. ज्या मुंबईकरांना आम्ही पैशेवाले, मिजासखोर म्हणत होतो, त्यातला एकही आम्हाला भेटला नव्हता. झाडू मारणारा भेटला, तो जालन्याचाच निघाला. बंदोबस्तातला पोलीस बीडचा. छत्री उलटी करून बिस्किटाचे पुडे वाटणाऱ्या दोन पोरी बदलापूरहून नोकरीला येणाऱ्या. तिथं खरोखर राहणारे लोक म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काचा आणि काचांखाली टपटपणारे एसी. एका काचेआड कुणीतरी उभं राहून बराच वेळ खाली बघत होतं. खालच्या नजरेनं बघत होतं असं म्हणू का? चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार!

आणि खाली जे दिसत होतं तेही बघण्यासारखं नव्हतंच सगळं. आमची पोरं टँकरखाली चड्डीवर आंघोळ करत होती, स्टेशनात कबड्डी खेळत होती. पाऊस, उपास, जागरण, सगळं खरं. पण अंतरवालीत कुणी परक्यानं मारुतीच्या पारासमोर असं केलं असतं तर आम्ही त्याला काय म्हणालो असतो, तेही मला माहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी मला ताप चढला. चुलतभावाचा फोन रोज यायचा, मी उचलत नव्हतो. त्या दिवशी तो शोधत शोधत आलाच. गर्दीत भिजलेल्या हजार टोप्यांमधून मला त्यानं कसं ओळखलं कुणास ठाऊक. कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “दादा, चला.”

“कुठं?”

“घरी.”

नऊ वर्षांनी आलेला शब्द. मी काही बोललो नाही, पिशवी उचलली.

लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो, हा तिथला कायदा आहे. कुठं लिहिलेला नसेल. खिडकीशी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ होता. माझ्या अंगावर दोन दिवसांची ओल. त्यानं सरळ रुमाल काढून नाकाला लावला. अपमानानं माझे कान तापले, आधीच तापलेले होते तरी. आणि रुमाल नाकाला तसाच ठेवून तो सरकला. शेजारच्याला कोपरानं ढोसून त्यालाही सरकवलं आणि रिकाम्या झालेल्या वीतभर फळीकडं बोट केलं. मी अर्ध्या कुल्ल्यावर बसलो. समोर उभ्या असलेल्या एकानं वाकून विचारलं, “कुठं उतरणार?”

दोन दिवसांत कुणी एवढ्या आपुलकीनं विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो: गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, कपाशी आहे, मोसंबीची बाग आहे, यंदा पावसानं... डबा हसला. चुलतभाऊ खालमानेनं म्हणाला, “दिवा.” माणूस निराश होऊन पुढच्या बाकाकडं वळला. मी लवकर उतरणार असलो तर त्याला जागा धरायची होती, एवढंच. हसणाऱ्यांत रुमालवालाही होता. हसताना रुमाल खाली आला, तो त्यानं परत लावला नाही.

दिव्याला उतरून चिखलातून वीस मिनिटं चाललो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं आणि पुढची खोली संपली. आमची बैल बांधायची जागा याहून मोठी आहे. एक खोली, भिंतीच्या आड ओटा, वर लाकडी माळा. माळ्यावर दोन्ही पोरी अभ्यास करत होत्या, डोकं छताला लागू नये म्हणून पालथ्या झोपून. भावजय पदर सावरून पाया पडली. तिला वाकता यावं म्हणून मला दारात परत एक पाऊल मागं जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी लक्ष्म्या यायच्या होत्या. आमच्या वाड्यात लक्ष्म्या उभ्या राहतात तेव्हा अख्खी ओसरी व्यापतात. इथं भावजयीनं पाण्याची दोन पिंपं रिकामी केली, झाकणांवर मुखवटे मांडले, साड्या नेसवल्या, कर्दळीची पानं पिंपांना दोरीनं बांधली. पिंपातलं पाणी बादल्या, पातेली, पोरींच्या बाटल्या, जिथं मावलं तिथं भरून ठेवलेलं. तीन दिवस पाय टाकायचा तो पातेली चुकवून. फुलोऱ्याच्या करंज्या मात्र तशाच, काकूच्या हातच्या असतात तशा.

रात्री आम्ही दोघं जिन्यात बसलो, कारण आत तिघींना झोपायचं होतं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. मलबार हिल, कफ परेड, पेडर रोड, ज्या काचा मी खालून बघत होतो त्यांच्या आत हा रोज जातो.

“कशी असतात रे ती माणसं?”

“बरी असतात. चहा विचारतात. कुणी विचारत नाही.” मग थोडं थांबून म्हणाला, “काही बिल्डिंगींत मेंबरांची लिफ्ट वेगळी, नोकरांची वेगळी. मेंबरांची बंद पडली की मी दुरुस्त करतो. नीट चालते का बघायला दोनदा वरखाली जातो. तेवढंच. काम झालं की उतरताना नोकरांची.”

मी चांगला चिडलो. हीच ती मिजास, म्हणालो. तो गप्प बसला. आणि मला, नको असताना, आमच्या ओसरीच्या कोनाड्यातला बिनदांडीचा कप आठवला. सालगड्याचा. तो प्यायला की तोच विसळून परत पालथा घालायचा. मी लहान होतो, पण कपाच्या कडेचा टवका अजून डोळ्यांसमोर आहे.

मग मी नऊ वर्षांचं विचारून टाकलं. तेव्हा कामून घरी नेलं नाहीस?

“घर होतं कुठं, दादा? कॉटवर होतो. एका खोलीत सात जण, पाळीनं झोपायचं. रात्रपाळीवाला उठला की त्याच्या गादीवर मी. साडेनऊला जागा धरली नाही तर जिन्यात. म्हणून घड्याळ बघायचो.”

“अन् फ्लॅट?”

“सोयऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. तुमच्यासमोरच विचारला. काकांनी हो म्हणून टाकलं. तुम्हीही होतात की बैठकीत, मान डोलवली होती.”

डोलवली होती. काका म्हणजे माझे वडील. पोरगी द्यायची तर मुंबईत फ्लॅट पाहिजे किंवा गावात दहा एकर पाहिजे, हा भाव मलबार हिलवर ठरत नाही, आमच्या बैठकीत सुपारी फुटायच्या आधी ठरतो. एकदा आहे म्हणून सांगितलेल्या फ्लॅटमध्ये आजारी चुलत्याला घेऊन जायचं कसं? आणि नाही म्हणून सांगायचं कुणाला? पारावर मी होतोच बसलेलो. दोन वर्षांपूर्वी त्यानं ही खोली घेतली. अजून वीस वर्षांचे हप्ते आहेत, असं सांगताना त्याच्या आवाजात थोडा ताठा आला. तेवढा मी येऊ दिला.

सोमवारी पुरणपोळी खाऊन परत मैदानात आलो. एव्हाना गावोगावच्या भाकरी-ठेच्याचे टेम्पो पोचले होते, कुणाला काही कमी नव्हतं. हायकोर्टानं रस्ते रिकामे करायला सांगितले, मंगळवारी हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, गुलाल उधळला. तो सगळा इतिहास टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलाय.

गावी आल्यावर तीन दिवस पारावर माझीच बैठक. मंत्री काय म्हणाले, पाऊस किती होता, स्टेशन केवढं मोठं. शेवटी एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळता मळता विचारलंच, “चुलतभावाकडं गेलता म्हणं. घरात घेतलं का तरी?”

“घेतलं की. दोन दिवस राहिलो.”

“कसंय घर?”

सगळे माझ्याकडं बघत होते. माळ्यावर पालथ्या झोपलेल्या पोरी, पिंपांवरच्या लक्ष्म्या, जिना, सगळं ओठांवर आलं होतं.

“ऐसपैस आहे,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं चिमूट दाढेखाली सोडली, हात झटकले. “मग बेस झालं. आमच्या नातवाची पोलीस भरती हाय पुढच्या महिन्यात. पंधरा दिस धाडतो त्याच्याकडंच. फोन लाव बरं त्याला.”