रोडरोलर, सायलेन्सर आणि पुतण्याची हिमालयन

रस्त्यावर ओळीने मांडलेले सायलेन्सर, त्यांच्यावरून जाणारा रोडरोलर आणि मागे हाताची घडी घालून उभे असलेले अधिकारी. हा फोटो राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून अधूनमधून येतच असतो. मी स्वतः अशा फोटोंना किमान दहा वेळा मथळे दिलेत. 'बुलेटराजांना दणका' वगैरे. डिप्लोमाला असताना सरांनी सांगितलं होतं, ज्या फोटोत काहीतरी घडतंय तो पहिल्या पानावर जातो. रोलर चालतोय म्हणजे घडतंय. दुसऱ्या दिवशी बातमी शिळी होते आणि आठवड्याने संध्याकाळी कॉलेज रोडला उभं राहिलं की आवाज तिथेच असतो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरातच सायलेन्सरचा विषय निघाला.

माझ्या पुतण्याकडे हिमालयन आहे. जुनी, 411 सीसीची, सेकंडहँड घेतलेली. अंबडला कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो, घरी यायला रात्रीचे साडेबारा होतात. सुट्टीला ट्रेकवाल्या पोरांना घेऊन हरिहर, अंजनेरी, कधी जव्हारकडे जातो, त्यातून चार पैसे सुटतात. गेल्या पावसाळ्यात सुरगाण्याकडच्या चिखलात गाडी उजव्या अंगावर पडली ती नेमकी दगडावर. पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सायलेन्सरचा डबा मात्र चेपला आणि जोडाला चीर गेली. शोरूममध्ये विचारलं तर 'मागवावा लागेल, दिवस सांगता येत नाहीत'. मग मित्रांनी मोबाइलवर बाहेरचे डबे दाखवायला सुरुवात केली. स्टीलचे, काळे, कार्बन फायबरच्या टोपणाचे.

तो म्हणाला, "काका, हे बुलेटवाल्यांसारखं फटफट नाही. हे अ‍ॅडव्हेंचरचं असतं."

आता इथे थोडं तांत्रिक सांगतो. कारण आपल्याकडे 'सायलेन्सर बदलला' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. इंजिनातून निघणारा पुढचा वाकडा पाइप म्हणजे बेंड पाइप. मागचा डबा म्हणजे खरा सायलेन्सर. नुसता डबा बदलला तर त्याला स्लिप-ऑन म्हणतात, बेंड पाइपासकट सगळं बदललं तर फुल सिस्टिम. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर या नळकांड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर या गोष्टी महत्त्वाच्या झाल्या. कॅट कुठल्या गाडीत पुढच्या पाइपात असतो, कुठल्या गाडीत मागे. डबा काढताना तोच बाहेर गेला तर गाडी विषारी वायू जसाच्या तसा मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर सोडते. सेन्सरचं भोक नव्या पाइपाला नसेल किंवा वायर तुटली तर मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि पेट्रोल-हवेचं गणित बिघडतं.

आणि ताकद? हिमालयन 411 ची ताकद 24 बीएचपीच्या आसपास, टॉर्क 32 न्यूटन मीटर. डबा बदलून त्यात जो फरक पडतो तो बहुतेक कानात पडतो, मागच्या चाकात नाही. उलट पाइपाची लांबी-रुंदी इंजिनाच्या व्हॉल्व्हशी जुळवलेली असते. नुसता मोकळा पाइप लावला तर खालच्या आरपीएमला गाडी दमल्यासारखी वाटू शकते. मागे माणूस आणि बॅगा घेऊन कसारा घाट चढताना नेमका तोच आरपीएम लागतो. वजन दोन-तीन किलोंनी कमी होतं, हे मात्र खरं. चिखलातून गाडी उचलणाऱ्याला दोन किलोसुद्धा कळतात, त्यामुळे पुतण्याची मागणी अगदीच शौकाची होती असं मी म्हणणार नाही.

तर आम्ही गेलो द्वारकेजवळच्या आमच्या मिस्त्रीकडे. दुकानदाराने डबा 'लावून बघा, नाही पटला तर परत' या बोलीवर दिला होता. मिस्त्रीने आदल्या दिवशीच क्लॅम्पच्या गंजलेल्या बोल्टांवर तेल मारून ठेवायला लावलं होतं. गरम गाडीला हात लावायचा नाही, बोल्ट उपटायचा नाही, स्टड तुटला तर हेडपर्यंत काम जातं, हे तो दर पाच मिनिटांनी सांगत होता. जुना डबा निघाला. आतली पॅकिंगची रिंग दाबून दाबून पत्र्यासारखी झाली होती. ती तीच परत बसवली की जोडातून फुसफुस सुरू होते, म्हणून रिंग नवीन. मग डबा हलक्या हाताने सरकवायचा, ब्रॅकेटचा बोल्ट अर्धाच आवळायचा, मागचं चाक आणि बॅगेचा रॅक यांच्यापासून अंतर बघायचं, आणि सगळं सरळ बसल्यावरच क्लॅम्प शेवटचा आवळायचा. उलट क्रमाने केलं की पाइप ताणात राहतो आणि सहा महिन्यांत वेल्डिंगला तडा जातो. मिस्त्री दहावी नापास आहे. मी असं नीट समजावणारा मास्तर कमी पाहिलाय.

गाडी चालू केली. पहिली दहा मिनिटं तेलाचा धूर. मग आवाज.

डब्याच्या तोंडात एक छोटी नळी बसवलेली असते, तिला डीबी किलर म्हणतात. एका अ‍ॅलन बोल्टवर ती टिकलेली असते. मी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडलं. मोबाइल म्हणजे काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून, एकाच आरपीएमला मोजलं तर तुलना तरी कळते. चेपलेल्या जुन्या डब्यावर 85 च्या आसपास. नवा डबा, किलर लावून, 91. मिस्त्रीच्या पोराने हौसेने किलर काढला, 99. शेजारच्या टपरीवरचा चहावाला बाहेर येऊन बघून गेला.

डेसिबल हे साधं मोजमाप नाही. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. त्यात ही एक सिलिंडरची गाडी. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एक स्फोट होतो. म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 25 ठोके. चार सिलिंडरच्या गाडीत त्याच आरपीएमला 100 होतात, म्हणून ती गुणगुणते आणि ही धडधडते. असा खालच्या पट्टीचा आवाज भिंतींना फारसा जुमानत नाही. आमचं घर सिडकोतलं आहे, भिंतीला भिंत लागून. पलीकडच्या काकांची बायपास होऊन दोन महिने झालेत. रात्री साडेबाराला ही गाडी गल्लीत वळणार होती, आठवड्यातून सहा दिवस.

आता कायदा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55, रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असेल तिथे दिवसा 50, रात्री 40. ही परिसराची मर्यादा झाली. गाडीची वेगळी. 175 सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कंपनीतून निघताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती चाचणी ठरावीक पद्धतीने, गाडी जाताना साडेसात मीटरवरून मोजून होते. दोन्ही आकडे मोजायची रीत वेगळी असल्यामुळे त्यांची थेट तुलना करू नका. माझ्या मोबाइलच्या आकड्यांशी तर अजिबातच नको.

मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) आवाज आणि प्रदूषणाचं आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यासोबत तीन महिने लायसन्स अपात्र. लोक दंडाचा आकडा लक्षात ठेवतात, लायसन्सचं विसरतात. आमच्या पुतण्याचं लायसन्स तीन महिने गेलं तर रात्री साडेबाराला अंबडहून तो यायचा कसा? ट्रेकची गिऱ्हाइकं वेगळीच. कलम 182अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 दंड. आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगूनच टाकलंय की कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही.

म्हणजे चालवणाऱ्यासाठी सगळं पक्कं. विकणाऱ्याचं काय? त्याच 182अ मध्ये एक वर्ष कैद किंवा एक लाख दंडाची तरतूद आहे, पण तिथे शब्द आहेत वाहनाचे उत्पादक, आयातदार, विक्रेते. नुसता डबा विकणारा दुकानदार त्यात कुठे बसतो? आम्हाला दिलेल्या खोक्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलं होतं, 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी'. बिलावर लिहिलं होतं 'बाइक अ‍ॅक्सेसरीज'. झालं, तो सुटला. ऑफ-रोडला जायलासुद्धा आधी त्र्यंबक रोडवरून सिव्हिल हॉस्पिटलच्या समोरून जावं लागतं, हे त्या खोक्यावर कोण छापणार?

दुसरी गोष्ट पीयूसीची. आपण पीयूसी काढतो तेव्हा पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. आवाज तपासत नाहीत. फटाके फोडणारी बुलेट घेऊन जा, आतला वायू आकड्यात बसला तर पावती मिळते. चौकात हवालदार पकडतो तो कानाच्या अंदाजाने. त्यामुळे भांडण होतं, 'साहेब कंपनीचाच आहे', 'नाही, बदललाय', आणि मग ज्याचा मामा कुणीतरी असतो तो सुटतो. प्रत्येक वाहतूक शाखेला एक प्रमाणित ध्वनिमापक आणि ते चालवणारा एक प्रशिक्षित माणूस, ही काही चंद्रावर जायची मागणी नाही. सिंहस्थाच्या नावाने शहरात एवढी कामं निघाली आहेत, त्यात हे बसायला हरकत नसावी. पोलिस आयुक्तांनी आणि आरटीओने यावर काही ठरवलं तर पहिली बातमी मी करेन, रोलरशिवाय.

पुतण्यावर मी जबरदस्ती केली नाही. सत्तावीस वर्षांचा पोरगा, स्वतःच्या पैशाची गाडी. किलर लावून एक दिवस वापरली. रात्री आला तेव्हा माझी आई उठून बसली आणि म्हणाली, "कोणाचा ट्रॅक्टर आला रे एवढ्या रात्री?" तो काही बोलला नाही. सकाळी मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्रीने मार्ग काढला तो मजेशीर होता. बाहेरचा डबा लावणाऱ्यांचे ओरिजिनल डबे माळ्यावर पडून असतात. त्यातल्याच एका पोराकडून त्याने आमच्याच मॉडेलचा डबा अर्ध्याहून कमी किमतीत मिळवून दिला. परत नवी रिंग, परत तोच क्रम, शंभर किलोमीटर झाल्यावर क्लॅम्प परत आवळून घेतला. दुकानदाराने त्याचा डबा कुरकुरत परत घेतला. पैसे दिले नाहीत, बदल्यात हँडगार्ड आणि ग्लोव्हज दिले.

तीन आठवड्यांनी त्या डबा विकणाऱ्या पोराचाच फोन. त्याला चौकात धरलंय, ओरिजिनल बसवून गाडी दाखवायला या म्हणालेत, तर 'माझा डबा परत मिळेल का, पैसे थोडे जास्त देतो'. पुतण्या नाही म्हणाला. तरी तो पोरगा रोज एक मेसेज टाकतोय.

तेव्हा मित्रांनो, कुणाच्या माळ्यावर हिमालयन 411 चा कंपनीचा डबा पडून असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. फार चेपलेला नको. आणि पॅकिंगची रिंग वेगळी घ्यावी लागेल, हे त्याला मी सांगितलंय.