वणवा कोणी विझवला?

मुलाखत या प्रकाराबद्दल आमच्या पिढीच्या समजुती अगदी पक्क्या होत्या. इस्त्रीचा शर्ट, सर्टिफिकिटांची फाइल आणि चेहऱ्यावर आज्ञाधारक भाव, एवढं भांडवल मुलाखतीला पुरत असे. समोर तीन साहेब. त्यांतला एक वडील काय करतात ते विचारी, दुसरा एखाद्या देशाची राजधानी विचारी आणि तिसरा घड्याळाकडे बघे. राजधानी आली तर नोकरी मिळे. नाही आली तरी तिसऱ्या साहेबांच्या नावाची चिठ्ठी खिशात असली तर मिळे. सगळा मामला कसा सुटसुटीत होता.

त्यामुळे मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा माझा जुना विद्यार्थी जव्हारला माझ्या घरी आला आणि त्याने एक इंग्रजी पत्र माझ्या हातात दिलं, तेव्हा मी आधी राजधान्यांची उजळणी सुरू केली. पत्र बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं होतं. कारखान्याच्या अग्निशमन पथकात जागा होती आणि निवड 'कॉम्पिटन्सी बेस्ड इंटरव्ह्यू'ने होणार होती. हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे कुठल्याही संकटाचं आधी भाषांतर करायचं ही मला खोड. मी म्हणालो, "क्षमताधिष्ठित मुलाखत."

"म्हणजे काय, सर?" उमेदवार म्हणाला.

मराठी झाल्यावर ते जास्त कठीण झालं होतं हे खरं.

या मुलाला आपण उमेदवारच म्हणू. बारावीनंतर त्याने मुंबई अग्निशमन दलाचा नाद घेतला होता. २०२३ च्या सुरुवातीला तिथे ९१० जागांची भरती दहिसरच्या मैदानावर झाली. पळा, एकोणीस फुटांवरून खाली धरलेल्या चादरीत उडी मारा, पन्नास किलोचा पुतळा खांद्यावर टाकून धावा, असा तो कार्यक्रम. उमेदवाराचं स्वतःचं वजन बावन्न किलो. पण पुतळ्याची त्याला काळजी नव्हती. लाकडाची मोळी पुतळ्यासारखी गप्प बसत नाही, ती टोचते, असं त्याचं म्हणणं. घोडं अडलं ते उंचीवर. पुरुषांना १७२ सेंटिमीटर हवी आणि हा भरला १६८. चार सेंटिमीटरसाठी आमच्याकडे चिठ्ठी चालत नाही. मग त्याने सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. तिथे १६५ चालते. फीसाठी घरच्या शेळ्या गेल्या. दिवाळीनंतर आईबाप आणि थोरला भाऊ भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले, आणि हा पत्राची वाट बघत मागे राहिला. आता पत्र आलं होतं. पंधरा दिवस हातात होते. मुलाखत हुकली तर वीटभट्टीवर आणखी एक माणूस त्यांना हवाच होता.

सरकारी नोकरीत हा प्रश्न आला नसता. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांतल्या नोकऱ्यांच्या मुलाखती बंदच करून टाकल्या. खाजगी कंपन्यांना मात्र माणसाचं तोंड बघितल्याशिवाय चैन पडत नाही. चौकशी केल्यावर कळलं की या नव्या मुलाखतीचं मूळ अमेरिकेत आहे. डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९७३ साली एक निबंध लिहिला. माणसाची नुसती बुद्धी काय तपासता, त्या कामाला लागणारी क्षमता तपासा, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा शंभर टक्के पटण्यासारखा. पण प्राध्यापकाचा मुद्दा कचेऱ्यांत शिरला की त्याचा फॉर्म होतो, तसा याचाही झाला. आता साहेब राजधानी विचारत नाहीत. ते म्हणतात, "तुम्ही संकटात डोकं शांत ठेवलंत असा एक प्रसंग सांगा." किंवा, "इतरांबरोबर मिळून काम केल्याचं उदाहरण द्या." उत्तराचेही चार कप्पे ठरलेले: प्रसंग काय होता, तुमच्याकडे काम काय होतं, तुम्ही काय केलंत आणि परिणाम काय झाला. मी त्याचं 'प्रकाकृप' करून उमेदवाराकडून घोकून घेतलं. संधी-समास याच पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या पाठ करवले आहेत. अर्थ मागाहून येतो.

पुस्तकी भागात उमेदवार पक्का होता. आगीला जळण, हवा आणि उष्णता तिन्ही लागतात, एक काढून घेतलं की आग मेली. तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नाही. हे तो झोपेतही सांगे. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन का पाळतात तेही त्याला ठाऊक होतं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी, शेकडो टन स्फोटकं आणि वर सोन्याच्या विटा. आग विझवायला गेलेले दलाचे ६६ जण स्फोटात गेले. हे सांगताना उमेदवाराचा आवाज खाली येई. मग एकदा तो म्हणाला, "पण सर, कापूस नि दारूगोळा एका जागी ठेवला कोणी? आमच्या कुडाच्या घरात पण चुलीजवळ कुणी पेंढा ठेवत नाही." या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. साहेबांनी काही विचारायचंय का असं म्हटलं तरी हा प्रश्न विचारू नकोस, एवढंच मी सुचवलं.

खरी गोची 'प्रसंग सांगा'ला सुरू झाली.

"सांग बघू, संकटात केलेलं एखादं काम."

"तसं काही केलं नाही, सर."

"अरे, आठवून बघ. कधी आग विझवलीस?"

"आग? नाही. वणवा लागला होता एकदा, गेल्या चैतात."

"मग?"

"विझला."

आता मराठीच्या मास्तराच्या दृष्टीने बघा. वणवा लागला. वणवा पसरला. वणवा विझला. तिन्ही वाक्यांचा कर्ता वणवाच! इतका कर्तबगार वणवा मी पाहिला नव्हता. तो स्वतःच लागतो, स्वतःच डोंगर चढतो आणि पाड्याजवळ आला की भिडस्तपणे स्वतःच विझतो. मी विचारलं, "विझवला कोणी?"

"विझवला ना सगळ्यांनी."

"सगळ्यांत तू होतास ना?"

"होतो की."

"तू काय केलंस?"

"सगळ्यांनी केलं तेच."

अर्ध्या तासाने, आणि हिने चहाबरोबर पोहे दिल्यावर, जी हकिगत बाहेर आली ती अशी. दुपारची वेळ, बायका पाण्याला गेलेल्या, वरच्या माळावर गवत पेटलेलं आणि वारा पाड्याकडे. याने आधी पोरं आणि म्हातारी माणसं नदीच्या अंगाला काढली. मग दहा-बारा जण घेऊन पाड्याच्या वरच्या बाजूने पाचोळा ओढून, गवत कापून हातभर नव्हे, चांगली दोन पुरुष रुंदीची पट्टी मोकळी केली. उरलेल्यांच्या हातांत ऐनाच्या ओल्या डहाळ्या दिल्या, कडेकडेने झोडपायला. एका उडवीचा पेंढा गेला. घर एकही गेलं नाही.

"आणि हे तुला सुचलं कसं?"

"त्यात सुचायचं काय? राब भाजतो ना आम्ही."

इथे शहरातल्या वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. नागली-भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे त्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून वर माती टाकून भाजतात. त्याला राब म्हणतात. वाऱ्याच्या दिशेने पेटवला तर पळतो, उलट अंगाने पेटवला तर सावकाश जळतो, कडा आधी साफ करायच्या. हे इथलं दहा वर्षांचं पोर सांगेल. म्हणजे ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायला बोईसरचे साहेब बसणार होते, ती हा मुलगा दर वर्षी उन्हाळ्यात देत होता. फक्त त्याला ती परीक्षा वाटत नव्हती. शेत वाटत होतं.

"पाण्याचा वापर केला नाहीस?" मी साहेबांच्या थाटात विचारलं.

तो हसला. चैतात पाणी! ही गंमत इथे राहिल्याशिवाय कळत नाही. मोखाड्याच्या अंगाखांद्यावरून वैतरणा जाते. तिच्यावर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर अशी ओळीने धरणं आहेत आणि ते पाणी नळाने मुंबईला जातं. तेव्हा भायखळ्याच्या बंबातून जे पाणी उडतं त्यात आमचाही वाटा आहे. आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. 'उपलब्ध साधनं कमी असताना काम कसं कराल' हा त्या मुलाखतीतला ठरावीक प्रश्न आहे म्हणे. मोखाड्यात तो प्रश्न नाही. तो पत्ता आहे.

प्रसंग सापडला. आता त्यात 'मी' घालायचा होता, आणि ते वणव्यापेक्षा अवघड निघालं. या मुलाखतीत 'आम्ही' म्हटलं की गुण जातात, असं मार्गदर्शनाच्या सगळ्या पुस्तकांत ठळक छापलेलं असतं. साहेबांना तुम्ही एकट्याने काय केलंत ते हवं. उमेदवार वाक्य 'मी'ने सुरू करी आणि क्रियापदापर्यंत पोचेतो 'आम्ही' होई. "मी पट्टी काढायला सांगितली... म्हणजे आमचं ठरलं." मी म्हणे, "ठरलं नाही, तू ठरवलंस!" तो म्हणे, "पण सर, मी एकटा ओरडून काय झालं असतं? हात सगळ्यांचे होते." व्याकरणही त्याच्याच बाजूचं. 'मी वणवा विझवला' हा कर्मणी प्रयोग. म्हणजे 'मी' छाती काढून पुढे उभा राहिला तरी क्रियापद वणव्याच्याच तालावर चालतं.

शेवटचे चार दिवस आमच्या पडवीत रोज रंगीत तालीम झाली. मधल्या खुर्चीत ही, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, जे प्रत्येक उत्तरानंतर "पिनकोड?" विचारीत. हिच्यातला साहेब मात्र जातिवंत निघाला. तिने चष्म्यावरून बघत विचारलं, "पट्टी काढताना एखादा ऐकत नव्हता का?" उमेदवार गडबडला. मग म्हणाला, "चुलता ऐकत नव्हता. उडवी वाचवायची म्हणत होता. त्याचाच पेंढा."

"मग?"

"मी त्याचा हात धरून ओढला. पेंढा गेला तर गेला म्हटलं. पावसाळाभर बोलला नाही माझ्याशी."

हे आम्हाला बारा दिवसांत कळलं नव्हतं. पोस्टमास्तरसुद्धा पिनकोड विसरले. ही म्हणाली, "हे सांग तिथे."

"चुलत्याची बदनामी होईल, काकू."

पहाटेच्या एसटीने तो गेला, विक्रमगड-मनोरमार्गे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेढे न आणता आला, तेव्हा आम्ही दोघं जरा गप्पच झालो. त्याने पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. तीन साहेब होते. मधल्या बाईंनी विचारलं, मिळून केलेलं काम सांगा.

"मग? 'मी'ने सुरुवात केलीस ना?"

"केली ना, सर. म्हटलं, मी सांगतो, आम्ही वणवा कसा विझवला."

मी डोळे मिटून घेतले.

"मग त्यांनी विचारलं, त्यात तुमचं काम काय होतं? म्हटलं, मी वारा बघत होतो. वारा फिरला की ओरडायचं, एवढंच. बाकी माणसं कामात होती, त्यांना वर बघायला वेळ नव्हता."

"आणि चुलता?"

"तो पण सांगितला. नाव नाही सांगितलं."

"बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या."

गेल्या आठवड्यात वैद्यकीय तपासणीचं पत्र आलंय. वजन निदान पन्नास किलो हवं. उमेदवार या धावपळीत साडेएकोणपन्नासवर आलाय. अर्धा किलोचा प्रश्न हिने स्वतःकडे घेतला आहे. सध्या आमच्याकडे दोन्ही वेळा नागलीच्या भाकरीवर तुपाचा गोळा पडतो. उमेदवाराच्या ताटात, अर्थात. मला डॉक्टरांनी तूप बंद केलंय.