बदलाची वर्दी

इतिहासाच्या विद्यार्थ्याला सनावळी पाठ असावी लागते. अमुक साली राज्य बुडाले. त्याआधी ते होते, त्यानंतर नव्हते. गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, आयुष्यातही असाच एक आकडा आहे : ५७३ अंश सेल्सिअस. ह्या तापमानाला तिची आतली रचना बदलते. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू तेच राहतात, त्यांचे बंधही तुटत नाहीत. बदलतात ते केवळ कोन.

पण बदल खरोखर तेवढ्याच क्षणी होतो काय? १९४० साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे सहकारी नेडुंगडी ह्यांनी क्वार्ट्झ तापवीत नेऊन त्यातून विखुरणारा प्रकाश तपासला. स्फटिकातील अणू सतत कंप पावत असतात. त्या कंपनांच्या खुणा विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात रेषांच्या रूपाने उमटतात. हाच १९२८ सालचा रामन परिणाम. उष्णता वाढू लागली तशी त्यांतील एक रेषा फिकट आणि पसरट होत मूळ प्रकाशाच्या रेषेकडे सरकू लागली. म्हणजे एक कंपन मंदावत चालले होते, आणि तेही ५७३ अंश पुष्कळ दूर असतानाच! बाहेरून स्फटिक होता तसाच स्वच्छ. बदलाची वर्दी तेवढी प्रकाशाने आधी दिली.

हे वाचताना मला राहून राहून घर आठवले. आम्ही कुंभार. आमच्या मातीत वाळू असते, आणि वाळूत गारगोटीचे कण. आवा निवताना हे कण त्याच ५७३ अंशांपाशी आकसतात. म्हणून घाईने निवलेले मडके तडकण्याचा धोका असतो. अण्णांना हा आकडा ठाऊक नाही, पण आवा पुरता निवल्याखेरीज ते कुणाला हात लावू देत नाहीत.

पूर्वी ते उन्हाळ्यापूर्वी तीन आवे लावीत. यंदा एकच लावला. धाकट्या भावाला माती तुडवायला हाक मारीत नाहीत. चाक फिरते, गिऱ्हाईक येते, सारे पूर्ववत दिसते. कोणी काही बोलत नाही.

ज्या दिवशी चाक कायमचे थांबेल, त्या दिवसाची तारीख आम्ही सांगू शकू. ती सांगणे सोपे आहे. म्हणून ह्या सुट्टीत मी वही घेऊन अण्णांजवळ बसणार आहे. कोणत्या ओढ्याची माती, किती वाळू, आवा कसा रचायचा, सारे लिहून घेईन. रेषा फिकट होत असली, तरी अजून दिसते आहे.