डागाची घाई नको

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या राजुऱ्यात बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी ओरखडलेले हात घरोघर दिसतात. आम्ही ओरखड्यावर बेटाडीन लावतो, मुलांच्या गुडघ्यावर जांभळं औषध. दुखणं थांबतं, डाग उरतो. मग कुणी रॉकेल शोधतं, कुणी थिनर, कुणी कपड्यांचं ब्लीच. आम्ही ही तिन्ही कातडीला लावू देत नाही. डागापेक्षा त्यांनी होणारी जळजळ वाईट.

बेटाडीन म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. ते पाण्यात विरघळतं. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं पुरतं. जखमेवर मात्र घासू नये. जांभळं औषध म्हणजे जेन्शन व्हायोलेट, हा मुळात रंगच. तो कातडीच्या वरच्या थरात बसतो आणि तो थर झडेल तसा काही दिवसांत जातो. घासून फक्त खपली निघते.

आमच्या घरातल्या बायकांची खरी काळजी वेगळी असते: असा हात घेऊन वुजू होईल का? होतो. मेहंदीसारखा हा नुसता रंग आहे, थर नाही. पाणी कातडीपर्यंत पोचतं. नेलपॉलिशचं तसं नाही, ते पाणी अडवतं. तेव्हा नमाजसाठी कातडी सोलायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. गडद जांभळ्या रंगाखाली जखमेची लाली दिसत नाही. म्हणून सूज, पू, वाढती कळ किंवा ताप आहे का ते रोज पाहावं. यातलं काही असलं, तर डाग राहू द्यावा आणि दवाखाना गाठावा.