चित्र किती वेळ थांबावे?

आपल्या जिल्ह्यातील कल्याण येथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1890च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नामक खेळ दाखविण्यास प्रारंभ केला. काचेवर रंगविलेली लहान चित्रे, पाठीमागे दिवा, पुढे भिंग आणि पांढरा पडदा, एवढेच ते साहित्य. परंतु काचा लागोपाठ सरकविल्या म्हणजे चित्रातील पात्रे हालचाल करीत आहेत असा भास होई. काच सरकविणारा हात व पाहणारे लोक एकाच जागी असत, हे आम्हांस त्यात विशेष वाटते. लोक हसू लागले तर हात थांबविता येई. कंटाळलेले दिसले तर पुढची काच लावता येई.

संगणकावर हलते चित्र करणाऱ्यास ही सोय नाही. त्यास प्रेक्षकांचे तोंड पाहण्याआधीच सर्व वेळ नेमून द्यावी लागते. यंदा आमच्या मुलांनी 'ब्लेंडर' या विनामूल्य सॉफ्टवेअरवर झाडावरून पडणारा आंबा काढला, तेव्हा हे ध्यानी आले. त्यात एका सेकंदास 24 चित्रे, म्हणजे फ्रेम, धरल्या होत्या. आंबा 4.9 मीटर उंचीवरून पडावयाचा, म्हणजे बरोबर एक सेकंद. पहिल्या फ्रेमला आंबा फांदीवर आणि त्यानंतर 24 फ्रेमांनी भुईवर, अशा दोन खुणा मुलांनी केल्या. या खुणांस कीफ्रेम म्हणतात. मधली चित्रे यंत्र भरते. ती त्याने भरली खरी, पण आंबा भुईजवळ येताच मंदावला आणि पाहुण्यासारखा अलगद टेकला! आपण निराळे सांगितले नाही तर हे यंत्र प्रत्येक हालचाल हळू आरंभून हळूच संपविते. मुले पोट धरून हसली.

मग वहीत गणित मांडले. वेळ निम्मी झाली असता अंतर निम्मे होत नाही, चौथा हिस्साच होते. म्हणून 12 फ्रेमा उलटल्या तरी आंबा जेमतेम 1.2 मीटर खाली आलेला असावा आणि उरलेले अंतर त्याने पुढल्या 12 फ्रेमांत कापावे. दोन खुणांमधील वक्ररेषा त्याप्रमाणे बदलली. खुणा तिळभर हलविल्या नाहीत, तरी आंबा धपकन पडला.

दादासाहेब फाळके यांनी 1912 साली वाटाण्याचे रोप वाढतानाचे चित्र घेतले, तेही अशाच हिशेबाने. महिन्याची वाढ सेकंदास 16 चित्रांच्या वेगाने मिनिटभरात दाखवावयाची तर 960 चित्रे हवीत, म्हणजे रोज 32. हे उदाहरण आठवीच्या मुलांनी तोंडी सोडविले.

असो. आंब्यापेक्षा अक्षरांचा प्रश्न कठीण निघाला. बाहेरून आणलेल्या एका शैक्षणिक चित्रफितीत प्रत्येक ओळ तीन सेकंद दिसून नाहीशी होई. मुरबाडकडील एका पाड्यावरून वसतिगृहात आलेला एक मुलगा अक्षरे जुळवून वाचतो; त्याच्या घरची बोली निराळी, आणि घरात शाळेची पायरी चढलेला तोच पहिला. तो म्हणाला, "सर, मी दुसऱ्या शब्दावर असतो, तेवढ्यात ती जाते." ज्याने ते तीन सेकंद नेमले त्याच्या डोळ्यांपुढे हा मुलगा नव्हता. आमच्या मते हा दोष मुलाच्या वाचनाचा मुळीच नव्हे.

भातसा धरणावरील आपल्या चित्रात आम्ही निराळी रीत धरली. त्या मुलाने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने घड्याळ पाहावे, आणि तितक्या फ्रेमा त्या ओळीस द्याव्या. सात शब्दांच्या एका ओळीस नऊ सेकंद लागले. म्हणजे 216 फ्रेमा. ओळ स्थिर असताना मागचे पाणीही स्थिर ठेविले, कारण पाणी हलले की डोळा तिकडे धावतो. शहापुरातील चलाख मुलांनी कुरकुर केली की चित्र फार रेंगाळते. त्यांतील एका मुलीने त्या रिकाम्या वेळात ओळ दुसऱ्यांदा वाचली आणि आमच्या मजकुरातील ऱ्हस्वदीर्घाची चूक काढून दिली.

परवा तो मुलगा संगणकापाशी येऊन म्हणाला की, त्या ओळीस आता आठ सेकंद पुरतात. घड्याळ लावून पाहिले, पुरले. 24 फ्रेमा त्याने स्वतःच्या हाताने कमी केल्या.